नानांना विचारा : "इतलं ध्यान करीसन काय भेटनं?"

मागच्या अंकात थायलंडचे भिक्खू आजान चाह यांच्यावर अर्ध्या पानाचं टिपण छापलं होतं, १६ जानेवारी हा त्यांचा स्मृतिदिन म्हणून. शेतकऱ्याचा पोरगा, जंगलात राहणारा ध्यानगुरू, 'सोडून द्या' शिकवणारा माणूस, शेवटची दहा वर्षं अंथरुणाला खिळला आणि १९९२ साली गेला, एवढंच होतं त्यात. पण त्या अंथरुणाच्या ओळीवर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की म्हटलं या वेळचा कॉलम यालाच देऊन टाकू. नावं मुद्दाम काढलीत.

प्रश्न : नाना, नमस्कार. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर इगतपुरीला जाऊन विपश्यनेचा कोर्स करून आले आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ बसायचे, खाडा म्हणून नाही. गेल्या दिवाळीनंतर पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता भेटायला येणारे लोक खाटेशेजारी खुर्ची ओढतात आणि चहा पिता पिता म्हणतात, "इतलं ध्यान करीसन काय भेटनं?" मला काही बोलता येत नाही. त्यात माझा भाऊ तुमचं टिपण वाचून म्हणतो, बघ, ते पण सोडून द्या म्हणायचे, मग रोज फिजिओवाल्याला पैसे कशाला द्यायचे, जे व्हायचं ते होईल. करतो सगळं मी आणि आई. मी चिडते, वडिलांवर पण चिडते, मग रात्री रडू येतं. आजान चाहंचं नेमकं काय झालं होतं ते नीट सांगा. – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : ताई, आधी तुझ्या भावाचं बघू, ते सोपं आहे. आजान चाहंच्या मठात एका भिक्खूच्या कुटीचं अर्धं छप्पर वादळात उडालं. गडी दुरुस्तच करेना, पाऊस आत येतोय आणि हा सरकून कोरड्या कोपऱ्यात बसतोय. आजान चाह फिरत फिरत तिकडे आले, म्हणाले हे काय चाललंय. तो म्हणाला मी मन समतोल ठेवायचा सराव करतोय, आसक्ती सोडतोय. त्यावर ते म्हणाले, अरे ही तर म्हशीची समता झाली. आता यात मी काय आणखी सांगू, तुमच्याकडे घरोघरी म्हशी आहेत. भावाला हे वाचून दाखव आणि फिजिओ बंद करू नको. झटका आल्यावर पहिले काही महिने तर फार मोलाचे असतात, डॉक्टर पण हेच सांगतील.

आता त्यांचं आयुष्य, पण तुझ्या प्रश्नाच्या बाजूने सांगतो, कारण सनावळीत तुला काय इंटरेस्ट.

जन्म १७ जून १९१८ चा, थायलंडच्या ईशान्येला इसान म्हणून भाग आहे तिथला, उबोन रात्चथानी शहराजवळचं खेडं. गरीब इलाका, पावसावरची भातशेती, माणसं बोलतात ती लाओ वळणाची बोली आणि बँकॉकची मंडळी त्यांना गावंढळ म्हणून हसतात. (अहिराणी बोलणाऱ्यांनी पुण्यात काय काय ऐकलंय ते आठवा म्हणजे चित्र डोळ्यापुढे येईल.) लहानपणी श्रामणेर, म्हणजे शिकाऊ बालभिक्खू, झाले, मग शेतीला हात कमी पडतात म्हणून घरी परतले, आणि विसाव्या वर्षी, १९३९ साली, परत चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, घातलं ते कायमचं. सुरुवातीला पोथ्या, पाली, परीक्षा हेच चाललं होतं. मग वडील आजारी पडले. हे अभ्यास टाकून घरी गेले, वडिलांची सेवा केली, वडील त्यांच्या डोळ्यासमोर गेले. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण या माणसाची पुस्तकातून उठून जंगलाकडे जायची वाट एका आजाऱ्याच्या खाटेपासून सुरू झालीय. १९४६ ला ते पायी निघाले. जंगलं, डोंगर, स्मशानं, जिथं रात्री थांबायची त्यांना स्वतःलाच प्रचंड भीती वाटायची आणि ती भीती ते पुढे शिष्यांना अगदी रंगवून, हसत हसत सांगायचे. आजान मुन या त्या काळच्या सगळ्यात नावाजलेल्या वनवासी गुरूंकडे गेले, राहिले थोडेच दिवस, पण तेवढ्यावर पुढची दिशा ठरली.

१९५४ ला गावाकडचं बोलावणं आलं म्हणून गावाजवळच्याच एका रानात थांबले. लोक तिथं भुतं आहेत म्हणायचे आणि मलेरिया तर होताच. तोच पुढे वाट नाँग पा पाँग नावाचा मठ झाला ('वाट' म्हणजे थाई भाषेत मठ). त्यांची आई पण तिथं आली, मुंडण करून पांढरी वस्त्रं घालून साध्वी म्हणून राहिली. सुरुवातीचे दिवस फार वाईट, तापाने फणफणलेले भिक्खू, औषध नाही, खायला नावापुरतं. म्हणजे आजारपण या लोकांना पहिल्या दिवसापासून ओळखीचं होतं बघ.

आणि मग १९८१. डायबिटीस होताच, तोल जायला लागला, विसरायला लागले, बँकॉकला नेऊन मेंदूचं ऑपरेशन केलं, उपयोग झाला नाही. काही महिन्यांत बोलणं बंद पडलं आणि हळूहळू हातपाय गेले. ज्याच्या बोलण्यासाठी लोक समुद्र ओलांडून यायचे तो माणूस गप्प झाला. १९९२ च्या १६ जानेवारीला पहाटे गेले तोवर असंच. ही दहा वर्षं शिष्यांनी पाळ्या लावून दिवसरात्र त्यांना सांभाळलं. आंघोळ, भरवणं, कूस बदलणं, कपडे, सगळं. ही पाळी म्हणजे शिक्षा नव्हती, तरुण भिक्खू ती आपण होऊन मागून घ्यायचे. पुढच्या वर्षी जानेवारीत अंत्यसंस्कार झाला त्याला थायलंडचे राजा-राणी आले होते आणि माणसं दहा लाखांच्या घरात. जवळपास दहा वर्षं एक शब्द न बोललेल्या माणसासाठी.

तू विचारशील मग ध्यानाने काय मिळालं. त्यांच्या आत काय चाललं होतं ते बाहेरून कुणालाच दिसणार नव्हतं, तसंच तुझ्या वडिलांचंही, म्हणून 'ते आतून शांतच असतील गं' असली गुळचट गोष्ट मी तुला लिहिणार नाही. पण एक नक्की, ध्यान म्हणजे मेडिक्लेम नाही. हप्ते भरले म्हणून शरीर सुटेल असं त्या परंपरेत कुणी कधी कबूल केलेलंच नाही. खुद्द बुद्धांना शेवटच्या प्रवासात अतिसार झाला, रक्त पडत होतं, वय ८०. तुमच्याकडून अजिंठा काही लांब नाही, २६ नंबरच्या लेण्यात बघ, सातेक मीटर लांब बुद्ध उजव्या कुशीवर आडवे, उशीवर डोकं, आणि खाली ओळीने बसलेले शिष्य, एकाचाही चेहरा सुखाचा नाही. त्या शिष्यांना कुणी विचारलं असेल का, एवढं करून काय मिळालं म्हणून?

तुझ्या कामाची गोष्ट मात्र आता येतेय. तब्येत चांगली असताना आजान चाह एका मरणाला टेकलेल्या म्हाताऱ्या शिष्येकडे गेले होते. तिला त्यांनी शरीर हे आपलं खरं घर नाही वगैरे सांगितलंच, पण मग वळून घरच्यांशी बोलले, आणि मला तो भाग जास्त आवडतो. म्हणाले, आधी तुम्ही हिची लेकरं होता, आता ही तुमचं लेकरू झालीय, तुम्ही लहान असताना हिने तुमचं हगणंमुतणं काढलं, आता तिच्या घाणीची किळस करू नका. अगदी असं, साध्या शेतकरी भाषेत. बुद्धांचीही तसलीच एक गोष्ट विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, आहे, अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूला त्यांनी आपला शिष्य आनंद याला सोबत घेऊन स्वतः धुतलं आणि बाकीच्यांना बजावलं की ज्याला माझी सेवा करायचीय त्याने आजाऱ्याची करावी.

पण ताई, हे वाचून परत स्वतःला कोसू नको. त्या मठात एकाच माणसावर भार नव्हता, पाळ्या होत्या, आणि तुझ्याकडे दोन बायका आहेत आणि एक तत्त्वज्ञ भाऊ. चोवीस तास करणारा माणूस चिडणारच, तिथं तुझं मन कच्चं आहे असं काही नाही. भावाला रात्रीची पाळी दे. दर दोन तासांनी कूस बदलायची असते नाहीतर पाठीला जखमा होतात, तेव्हा रात्री अलार्म लावून त्याने उठायचं, एका आठवड्यात त्याचं 'सोडून द्या' सुटेल. एअर बेड भाड्यानेही मिळतो, चौकशी कर.

शेवटचं, आणि हे मी जरा रागानेच लिहितोय. वाचा गेली म्हणजे समज गेली असं नाही. बोलता न येणाऱ्या पेशंटला पुष्कळदा सगळं कळत असतं, उत्तर देता येत नाही एवढंच. खाटेशेजारी बसून "काय भेटनं" म्हणणारे त्या माणसाच्या कानाजवळ बोलतायत. त्यांना चहा बाहेर ओट्यावर दे. आणि वडिलांशी बोलत जा, आज बाजारात काय भाव होता, कुठली गाडी लेट आली, हेच, जुन्या कंडक्टरला ऐकायला आवडेल.

प्रश्न : नाना, मी धुळ्याला हॉस्टेलवर राहतो. आजान चाहंच्या मठात म्हणे पहाटे ३ ला उठतात आणि दिवसातून एकदाच जेवतात. मला पण सुरू करायचंय, करू का? – एक विद्यार्थी

उत्तर : उठतात आणि जेवतात, खरंय. पहाटे घंटा, मग वंदना-ध्यान, उजाडलं की अनवाणी भिक्षेला गावात, परत येऊन जे मिळालं ते पात्रात एकत्र करून सकाळीच एकदा खायचं आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. पण त्यांना दुपारी प्रॅक्टिकल नसतं रे. आणि त्यांच्यापुढे पण वाढून ठेवणारं अख्खं गाव होतं, तू मेस बंद केलीस तर रात्री ११ ला वडापाव शोधत फिरशील. तुला त्यांच्यातलं काही घ्यायचंच असेल तर झाडू घे. पानं झाडणं, विहिरीचं पाणी वाहणं, भांडी घासणं यालाही ते ध्यानाइतकंच महत्त्व द्यायचे. हॉस्टेलच्या रूमची अवस्था मी बघितलेली आहे.

प्रश्न : ज्याला इंग्रजी येत नव्हतं, जो खेड्यातून बाहेर पडला नव्हता, त्याच्याकडे अमेरिकन लोक का गेले? की नुसती फॅशन होती? – अमळनेरहून एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, थोडी फॅशन असेलही, तो काळच तसा होता. पण फॅशनवाले त्या मलेरियात आणि चिकट भातात टिकले नसते. पहिला टिकला तो सुमेधो, अमेरिकन नेव्हीत काम केलेला, १९६७ ला आला. आजान चाहंनी त्याला काही सवलत दिली नाही, गोऱ्यालाही तोच भात, तीच झाडलोट. परदेशी वाढले तेव्हा १९७५ ला त्यांच्यासाठी जवळच्याच बुंग वाई गावाशेजारी वेगळा मठ काढला, वाट पा नानाचाट. (नावात नाना आहे, माझा काही संबंध नाही.) आणि खेड्याबाहेर पडले नाहीत असं नाही सर, १९७७ ला लंडनला गेले आणि सुमेधोला तिथंच ठेवून आले. पुढची गोष्ट मजेशीर आहे. सुमेधो आणि इतर भिक्खू हॅम्पस्टेडच्या माळावर रोज पात्र घेऊन भिक्षेला फिरायचे, आता लंडनमध्ये कोण भिक्षा घालणार, पण नेम सोडला नाही. एक दिवस तिथं जॉगिंग करणारा एक माणूस थांबला, बोलला, आणि त्याच्याकडे ससेक्समध्ये एक जंगल होतं ते त्याने यांना देऊन टाकलं. त्याच्या शेजारीच १९७९ ला चिथर्स्टचा मठ उभा राहिला. जंगलातल्या भिक्खूंना जंगलच मिळालं भिक्षेत. भाषेचं म्हणाल तर दुभाषे असायचे, आणि म्हशीची गोष्ट कळायला कितीसं इंग्रजी लागतं.

प्रश्न : आमच्या विहारात त्यांचा स्मृतिदिन करायचाय. बॅनर, साउंड आणि भोजनदान असा प्लॅन आहे. सुचवा. – शहादा

उत्तर : भोजनदान ठेवा. साउंड कॅन्सल. ते पैसे वाचतील त्यात गल्लीत कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर त्याच्या घरच्यांना एक दिवस सुट्टी द्या, म्हणजे तुमच्यातली चार पोरं आळीपाळीने तिथं बसा आणि त्या बाईला निवांत माहेरी जाऊन येऊ द्या. नाँग पा पाँगमध्ये पण दरवर्षी जानेवारीत हजारो माणसं जमतात, आपापली मच्छरदाणी घेऊन झाडाखाली राहतात, ध्यान आणि प्रवचन, बस.

प्रश्न : नानाचाटला आपल्यासारख्याला राहता येतं का? खर्च किती? – जळगाव

उत्तर : येतं. आधी कळवून परवानगी घ्यावी लागते. बँकॉकहून उबोनला रात्रीची रेल्वे आहे. राहण्या-जेवणाचे पैसे मागत नाहीत, दानावर चालतं, तुमचा खर्च तो विमानाचा. पांढरे कपडे न्या, जेवण एकदाच, कामं सगळ्यांसारखी. आणि जास्त दिवस मुक्काम करायचा तर डोकं भादरावं लागतं, तेव्हा पुतण्याचं लग्न तोंडावर असेल तर ते उरकून जा.