आधी त्याचं काम लिही

अगं, रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी बघितला. कादंबरीच्या शेवटी तुझ्या नायिकेने त्या नाझी कारकुनाला माफ करावं की नाही ते ठरत नाहीये, तीन शेवट लिहून झाले म्हणतेस. मग चारही प्रकरणं परत काढून वाचली. तुझी गाडी अडलीये दुसऱ्या प्रकरणात. तो एसएसमधला, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलातला कारकून पहिल्या पानापासून झुरतोय, त्याला झोप लागत नाही, आईचं पत्र उशाशी घेऊन पडतो, आणि हा माणूस दिवसभर नक्की करतो काय, ते कुठेच नाही. आधी त्याचं काम लिही.

ऑस्कर ग्रोनिंगबद्दल तू वाचलंयस. बँकेत काम शिकलेला पोरगा, आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीत आगगाड्यांतून उतरवलेल्या लोकांचे पैसे मोजायचा. वेगवेगळ्या देशांच्या नोटा, त्या निवडायच्या, हिशेब लावायचा, बर्लिनला पाठवायच्या. १९४४ च्या मे ते जुलैमध्ये हंगेरीतून सव्वाचार लाखांच्या आसपास ज्यू तिथे आणले, त्यातले किमान ३ लाख आल्याआल्या गॅसने मारले, आणि हा टेबलाशी बसून मोजतोय. कोणीतरी कोटाच्या अस्तरात शिवून आणलेली नोट त्याच्या हातात येते, घडीवर सुईची भोकं आहेत, तो ती अंगठ्याने सपाट करतो आणि गड्डीत ठेवतो. हे लिही ना! एवढं लिहिलंस की त्याच्या रडण्याचं काय करायचं ते तुला आपोआप कळेल.

२०१५ मध्ये जर्मनीत ल्यूनेबर्गच्या कोर्टात तो ९३ वर्षांचा म्हातारा म्हणाला की नैतिकदृष्ट्या मी दोषी आहे, कायद्याचं तुम्ही ठरवा. ४ वर्षांची शिक्षा झाली, ती सुरू व्हायच्या आधीच २०१८ मध्ये गेला. आणि त्याच खटल्यात एव्हा कोर, जिच्यावर आणि जिच्या जुळ्या बहिणीवर आउश्वित्झमधल्या मेंगेले या नाझी डॉक्टरने प्रयोग केले, तिने त्याच्याशी हात मिळवला, माफ केलं म्हणाली, पण फक्त स्वतःच्या नावाने. बाकीच्या कित्येक फिर्यादींनी जाहीर सांगितलं की आम्ही यात नाही. आता सांग, यातलं कोण चुकलं? मला नाही सांगता येत, आणि तुझ्या कादंबरीनेही सांगू नये.

मी हे इतकं ताणून का धरतोय ते सांगतो. सव्वीसाव्या वर्षी मी अशीच एक कथा लिहिली होती, छावणीतून वाचलेली बाई मरणाऱ्या पहारेकऱ्याचा हात हातात घेते. दिवाळी अंकात आली, कौतुक झालं, लोक रडले. पहारेकऱ्याने काय केलं होतं यावर अख्ख्या कथेत एक ओळ होती, एक! एका वयस्कर बाईंचं पोस्टकार्ड आलं, "तिची बहीण कुठे गेली?" बहीण मी पहिल्या पानावर आणली आणि विसरून गेलो होतो. ज्यांच्या वतीने माफी देऊन टाकली त्यांनाच विसरलो. पुढे संग्रह निघाला तेव्हा ती कथा मी घेऊ दिली नाही, मित्र म्हणाले फार कडक झालास, जुनी गोष्ट आहे, सोड. नाही सोडली. आजही मला वाटतं बरोबर केलं, कडक म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

तुझ्याकडे भाषा आहे गं, माझ्याकडे त्या वयात नव्हती, म्हणूनच चिडतोय. तिन्ही शेवट बाजूला ठेव, फाडू नकोस. दुसरं प्रकरण नव्याने लिहून रविवारपर्यंत पाठव. सकाळची वेळ, बाहेर गाडी लागलीये, तो टेबलाशी बसलाय. त्याला रडायला लावू नकोस.