मिळत्याजुळत्या नावाला हरकत

प्रश्न : आम्ही २०११ पासून सांगलीत घरगुती मसाले आणि मेतकूट तयार करून विकतो. नावाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी केलेली नाही. आता एका कंपनीने जवळपास आमच्याच नावाचा अर्ज मसाल्यांसाठी केला असून तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला आहे. आम्हाला हरकत घेता येईल का?

उत्तर : येईल. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम २१ नुसार कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. तिच्याकडे स्वतःची नोंदणी असण्याची अट नाही. मात्र जर्नलमधील प्रसिद्धीपासून चार महिन्यांच्या आत टीएम-ओ हा हरकतीचा अर्ज दाखल व्हावा लागतो आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. जर्नलच्या अंकावरील तारीख आजच पाहून ठेवा.

आपण कळवलेली नावे येथे छापत नाही. समजा, आपले नाव ‘उंबरा’ आणि त्यांचे ‘उंबरठा’ आहे. ‘आमचा शब्द वेगळा आहे’ हा बचाव समोरून येणारच. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली असे म्हटले होते की, सामान्य बुद्धीचा, नाव अर्धवट लक्षात असलेला गिऱ्हाईक शब्दाची फोड करून व्युत्पत्ती तपासत बसत नाही; त्याच्या कानावर एकूण नाव कसे पडते, हे महत्त्वाचे. दुकानात पाकीट मागणारे किती जण उंबरा आणि उंबरठा यांत भेद करतील, हे आपणच ताडून पाहा. पण त्या निकालाचा उत्तरार्ध वकीलही कधी कधी सांगायचे विसरतात : नावे फसवी ठरण्याइतकी सारखी असल्याचे मान्य होऊनही, ‘अमृतधारा’वाले वर्षानुवर्षे गप्प राहिले म्हणून ‘लक्ष्मणधारा’ला उत्तर प्रदेशातील विक्रीपुरती नोंदणी मिळालीच.

आपली खरी भिस्त आधीच्या वापरावर आहे. कलम ३४ अखंडित पूर्ववापराला संरक्षण देते, आणि तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै’ हलव्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आधी वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ मानला. हा वापर कागदावर दिसला पाहिजे. लेबले छापून देणाऱ्या छापखान्याचे बिल, अन्न परवाना, प्रदर्शनातील स्टॉलची पावती, दुकानदारांना दिलेली बिले असे तारीख आणि नाव दोन्ही असलेले जे सापडेल ते वर्षवार लावा. नुसते जुने पाकीट तारखेअभावी फारसे उपयोगी पडत नाही.

हरकतीची सूचना मिळाल्यापासून दोन महिन्यांत कंपनीने प्रतिनिवेदन, म्हणजे हरकतीला लेखी उत्तर, दिले नाही, तर तिचा अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. दिले, तर शपथपत्रावर पुरावे आणि त्यानंतर सुनावणी होते; त्यात बराच काळ जातो.

हरकतीबरोबर आपलाही अर्ज करून टाका. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गासाठी (मालाच्या प्रकारानुसार पाडलेल्या गटासाठी) ४,५०० रुपये असून मसाले ३० व्या वर्गात मोडतात. अर्ज भरून देणारे अनेकदा घाईत ‘वापरण्याचा विचार आहे’ असा पर्याय निवडतात. तसे झाल्यास आपणच आपल्या पूर्ववापराच्या दाव्याला छेद दिल्यासारखे होईल. तेथे २०११ मधील पहिल्या विक्रीची तारीख लिहून वापराचे शपथपत्र जोडा.