उद्घाटनानंतरही प्रदर्शनाला माणसं यावीत म्हणून

तुमचं दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. वाचनालयाच्या ग्रंथप्रदर्शनाच्या उद्घाटनाला सरपंच, हायस्कूलची मुलं, पेपरवाले, चहा-बिस्किटं. आणि दुसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये तुम्ही आणि पंखा. लोक थांबावेत म्हणून काय मांडावं, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, मांडणीचं मागाहून बघू. आलेल्या माणसाला तिथे करायला काय आहे, ते आधी ठरवा.

आपल्याकडे प्रदर्शन म्हणजे टेबलांवर पांढऱ्या चादरी, त्यांवर ओळीने दोनशे पुस्तकं आणि कोपऱ्यात 'कृपया हात लावू नये'. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा १९३१ सालचा पहिला नियम आपण दर १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाच्या भाषणात म्हणतो आणि त्याच दिवशी पुस्तकं काचेआड लावतो! पंचवीस-तीस पुस्तकं पुरेत, पण ती तिथल्या तिथे घरी नेता आली पाहिजेत. पुस्तक गेलं की त्या जागी मुखपृष्ठाची झेरॉक्स आणि एक चिठ्ठी ठेवा: 'वाचकाकडे आहे, पुढचं नाव लिहा.' समितीतले कोणीतरी प्रदर्शन विस्कटलं म्हणून कुरकुर करतील. करू द्या.

आता विषय. थोर साहित्यिकांच्या तसबिरी आणि जन्म-मृत्यूच्या तारखा यांना कोणी थांबत नाही. ज्या विषयात आलेल्या माणसाला वाचनालयापेक्षा जास्त माहिती आहे, तो विषय घ्या. आमच्याकडे सगळ्यात चाललेला विषय होता बोटीचा प्रवास. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर १९९८ साली सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत बोटी खाली जायच्या. तो प्रवास केलेली माणसं तुमच्या गावात आजही आहेत.

मांडलं होतं फार थोडं. भिंतीवर किनाऱ्याचा हाताने काढलेला लांबलचक नकाशा, त्यावर बंदरांची नावं, शेजारी रंगीत टाचण्यांची डबी. 'तुम्ही कुठे चढलात, कुठे उतरलात? टाचणी लावा.' खाली टेबलावर कोरी पोस्टकार्डं, प्रत्येकावर एकच प्रश्न छापलेला: बोटीतून उतरून पडावातून (छोट्या होडीतून) किनाऱ्याला कसे आलात? बरोबर काय सामान होतं? तुम्हाला बोट लागली होती का? या शेवटच्या प्रश्नावर एक आजी खुर्चीत टेकल्या आणि नातवाला म्हणाल्या, "बोट लागूक नाय असो एक माणूस दाखव माका!" मग देवगडला समुद्र खवळलेला असताना पडाव वर आला की खलाशी दंड धरून कसे उतरवून घ्यायचे, ते त्यांनी हातवारे करून सांगितलं. नातू ते कार्डावर उतरवून घेत होता. दुसऱ्या दिवशी आजी शेजारणीला घेऊन आल्या. जाहिरात म्हणतात ती हीच; फ्लेक्सचे पैसे वाचवा.

तसंच नावं नसलेल्या जुन्या फोटोंचं. शाळेचा, नाटकमंडळीचा, बंदरावरचा ग्रूप फोटो मोठा छापून लावा, प्रत्येक डोक्यावर आकडा घाला आणि बाजूला कागद ठेवा: 'क्रमांक ७ कोण?' यावर भांडणंही होतात, आणि भांडणारे पुरावा घेऊन परत येतात.

मजकुराचे फलक लहान ठेवा. पन्नासेक शब्दांच्या वर कोणी उभ्याने वाचत नाही. अक्षर हातभरावरून चष्म्याशिवाय दिसावं.

मूळ कागदांबाबत मात्र मी कडक आहे. दुर्मीळ ग्रंथ, पोथ्या, जुने अंक हाताळायला ठेवू नका. त्यांची रंगीत प्रत हाताळायला द्या. मूळ प्रत दाखवायचीच असेल तर खिडकीपासून लांब, मंद उजेडात, ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास. फोनवरच्या ॲपने ढोबळ मोजता येतं. उजेडाने कागदाची झालेली हानी भरून येत नाही, ती साठत जाते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रणच, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळाभर ती त्याहून वर असते. म्हणून जून ते सप्टेंबर मूळ कागद बाहेर काढूच नयेत. सेलोटेप तर कपाटात असली तरी फेकून द्या. आणि दुर्मीळ संग्रह तळमजल्यावर असेल तर प्रदर्शनाआधी तो वर हलवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

वेळ: मे महिना, संध्याकाळी पाच ते आठ. चाकरमानी आणि त्यांची मुलं गावात असतात, दुपारी उन्हाचं कोणी येत नाही. गणपतीतही माणसं येतात, पण घरची आरती-भजनं सोडून वाचनालयात येण्याइतकी सवड त्यांना नसते. एरवी मोठं प्रदर्शन नको, बाजाराच्या दिवशी पडवीत एक टेबल पुरे. डिसेंबरमध्ये आंब्याला मोहोर येऊ लागला की तुडतुडे, भुरी, करपा या त्यावरच्या किडी-रोगांची पुस्तकं आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची प्रकाशनं बाहेर काढा. वाचनालयाची पायरी कधी न चढलेला बागायतदारही तिथे थांबतो. मासळीची पिशवी हातात असते म्हणून आत येत नाही इतकंच, तेव्हा टेबल बाहेरच बरं.

अभिप्राय वहीवर विसंबू नका, तिच्यात सगळे 'स्तुत्य उपक्रम' लिहितात. देवघेव नोंदवही काढा: मांडलेल्या पुस्तकांपैकी किती बाहेर गेली, त्यातली किती त्याआधी कित्येक वर्षं हललीच नव्हती, नवे सभासद किती झाले. तपासणीच्या वेळी साहेबांनाही हेच आकडे दाखवता येतात.

आणि ती पोस्टकार्डं प्रदर्शन उतरवताना रद्दीत जाऊ देऊ नका. लिहिणाऱ्याची परवानगी घ्या, बंदरानुसार लावा, फाइल करून दाखल नोंदवहीत रीतसर क्रमांक द्या. मालवण-वेंगुर्ल्याची कार्डं तुमच्याकडे जमली तर झेरॉक्स मला हवीत. आमच्या नकाशावर विजयदुर्गाच्या खाली टाचण्या फार विरळ आहेत.