दिवा लावून निघा

«ताई, मी नाशिकला राहते. वय ४४, एका पतसंस्थेत नोकरी करते. गेली तीन वर्षे आठवड्यातून चार दिवस पहाटे पाच ते आठ किलोमीटर धावते. पावसाळ्यातही माझा खाडा होत नाही, पण डिसेंबर लागला की सगळे बिघडते. गेल्या वर्षी दत्तजयंतीपासून संक्रांतीपर्यंत जेमतेम सहा दिवस धावले. नवे जाकीट घेतले, धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये गेले, दोन-दोन गजर लावले, तरी उपयोग शून्य. घरून कोणाचाही विरोध नाही. सासूबाईंची झोप सावध आहे आणि यजमानांना उजेडाने जाग येते, म्हणून मी दिवा न लावताच आवरते आणि बूट हातात घेऊन जिना उतरते. मी काही कविता राऊत नव्हे, की माझ्यासाठी सगळ्या घराने उठावे. मुलगा बारावीला असताना त्याच्यासाठी रोज साडेचारला उठत होते, तेव्हा थंडी आड आली नाही. आता जिद्द कुठून आणू? मी आळशी झाले आहे का?»

सप्रेम नमस्कार.

तुमचे मूळ पत्र दोन पानांचे होते. त्यात थंडीबद्दल पुष्कळ मजकूर आहे आणि दिव्याबद्दल एकच वाक्य. माझे सगळे उत्तर त्या एका वाक्याला आहे.

तुम्ही आळशी नाही. आळशी माणूस जुलैच्या झडीत गंगापूर रोडवरून भिजत धावत नाही. तुम्ही विचारायला हवे होते ते असे, की पावसाळ्यात जे जमते ते हिवाळ्यात का अडते. जुलैच्या आरंभी नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, त्यामुळे ढग असले तरी साडेपाचनंतर खिडकीतून करडा उजेड आत येऊ लागतो आणि त्या उजेडात तुम्हाला मोजे सापडतात, केस बांधता येतात, पाण्याचा तांब्या दिसतो. हिवाळ्यात त्याच वेळी घरात मिट्ट काळोख असतो. त्यातही पुष्कळांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी, की २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागला तरी आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत थोडाथोडा लांबतच जातो आणि संक्रांतीच्या सुमारास तो सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास होतो. म्हणजे तुमची सगळ्यात वाईट पहाट हीच सगळ्यात काळोखी पहाट आहे. पावसाळ्यात जो उजेड तुम्हाला कोणाला न विचारता मिळत होता, तो हिवाळ्यात बटण दाबून मिळवावा लागतो, आणि ते बटण तुम्ही दाबत नाही.

त्याची किंमत तुमचे शरीर मोजते. पहाटेच्या त्या वेळी शरीराचे तापमान दिवसभरातले सर्वांत कमी असते. हातापायांकडचा रक्तप्रवाह थंडीने आक्रसतो आणि स्नायू आखडलेले असतात. अशा अवस्थेत तुम्ही गोधडीतून निघून, घोटभर गरम पाणीही न पिता, थेट जिन्यावर येता. शेवटच्या पायरीवर बसता, तेव्हा फरशीचा गारठा कपड्यांतून आत शिरतो, बोटे बधिर झालेली असतात, नाडीची गाठ दोनदा सुटते, आणि एवढे सगळे श्वास रोखून, वर कोणाला जाग तर आली नाही ना याचा कानोसा घेत चाललेले असते. पुढचे दोन किलोमीटर पाय लाकडासारखे पडतात. मनाला हे सगळे लक्षात राहते आणि दुसऱ्या दिवशी सव्वापाचला हात आपोआप गजराकडे जातो. त्यात जिद्दीचा प्रश्न येतोच कुठे?

तुमच्या शेजारच्या निफाडकडे बघा. पारा उतरला की तिथले बागाईतदार द्राक्षबागेत रात्रीच्या शेकोट्या पेटवतात, पहाटे वेलींना पाणी देतात, म्हणजे बागेतली हवा फार गारठू नये आणि मणी तडकू नयेत. वेलीने जिद्द धरावी अशी अपेक्षा तिथे कोणी करत नाही. ऊब आणून द्यावी लागते, हे त्यांना ठाऊक आहे.

आता घरच्यांबद्दल. «कोणाचाही विरोध नाही» हे वाक्य तुम्ही कृतज्ञतेने लिहिले आहे, पण ते वाचून मला राग आला. बायकोने बूट हातात घेऊन अंधारात जिना उतरावा आणि नवऱ्याला तीन वर्षांत त्याचा पत्ता लागू नये, या समजूतदारपणाचे कौतुक मला करवत नाही. मात्र राग तुमचाही आला, कारण दिवा लावू नकोस असे तुम्हाला कोणी म्हटल्याचे पत्रात कुठेही नाही. हा नियम तुम्हीच केला आहे आणि तो फक्त तुमच्याचपुरता आहे. मुलगा बारावीला होता तेव्हा त्याच घरात साडेचारला दिवा लागत होता, लायटरचा खट् आवाज होत होता, चहा उकळत होता. सासूबाईंची झोप तेव्हाही सावधच असणार आणि यजमानांचे डोळेही हेच. त्यांना जाग आली असेल, त्यांनी कूस बदलली असेल आणि ते पुन्हा झोपले असतील. मुलाच्या परीक्षेसाठी जे घराला चालले, ते तुमच्या धावण्यासाठी चालणार नाही, हे तुम्ही कोणालाही न विचारता ठरवून टाकले. तेव्हा थंडी आड आली नाही, याचे कारण तुम्हीच लिहिले आहे. त्या पहाटे घरात उजेड होता, ऊब होती आणि तुम्हाला चोरपावलांनी वावरावे लागत नव्हते.

कविता राऊतचे नाव तुम्ही स्वतःला कमी लेखण्यासाठी घेतले, तेही मला आवडले नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या या मुलीने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले, त्याचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहे. पण आपल्याच स्वयंपाकघरातला दिवा लावायला पदक लागत नाही.

तेव्हा आज रात्री जेवणे झाली की दोघांच्या देखत एवढेच सांगा, «उद्यापासून सव्वापाचला स्वयंपाकघरातला दिवा लागेल, मी धावायला जाणार आहे.» परवानगी मागू नका. «तुम्हाला त्रास होणार नाही ना» हे शेपूट लावू नका. यजमानांना उजेड सहन होत नसेल तर ते खोलीचे दार लोटून घेतील, डोळ्यांवर पांघरूण ओढतील. त्यांची सोय ते बघतील.

सकाळी दिवा लावा, गॅसवर पाणी ठेवा, ते उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचला, जागच्या जागी पावले टाका, एकेक पाय पुढेमागे झुलवा. दहा-बारा मिनिटांत अंगात ऊब येते. ती आली की बाहेर पडा आणि पहिला किलोमीटर मुद्दाम सावकाश जा. कपडे इतपतच घाला, की दारातून बाहेर पडताना थोडे गार वाटेल, कारण सात-आठ मिनिटांत अंग तापते आणि जाड जाकिटातला घाम मग गार पडून अंगावर काटा आणतो. आत सुती बनियन नको, ते ओलेच राहते. कान झाका. अंधारात चमकणारा पट्टा लावा आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावा. जाकीट आणि ग्रुप दोन्ही राहू द्या, ती काही वाईट नाहीत, पण तुमचे अडले होते ते त्यांच्यावाचून नव्हे.

बूट मात्र आजच रात्री घरात आणून ठेवा. उद्या ते दिव्याखाली, खुर्चीवर नीट बसून घाला, नाडीची गाठ एकदाच आणि पक्की बांधा. आणि निघताना दाराच्या कडीचा आवाज झाला, तर होऊ द्या.