बर्लिनमधली खोली आणि बाबांची एफडी

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये मास्टर्ससाठी बर्लिनला आले. तीन आठवडे हॉस्टेलच्या आठ जणींच्या खोलीत राहतेय, रोजचे ३५ युरो जातात. आता दोन जागा समोर आहेत. एक विद्यापीठाजवळचा फर्निचरसकट स्टुडिओ: वीज-पाणी-इंटरनेट धरून ७४५ युरो, डिपॉझिट १,४९०, करार १२ महिन्यांचा. दुसरी तीन जणींच्या डब्ल्यूजीत, म्हणजे मिळून राहायच्या फ्लॅटमध्ये, पाच महिन्यांसाठी पोटभाड्याची खोली: सगळं धरून ५१० युरो, डिपॉझिट ८००, पण विद्यापीठ पाऊण तासावर. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो मिळतात, वेगळे १,९०० हातात आहेत. शैक्षणिक कर्जातले दोन लाख अजून उचललेले नाहीत. बाबा निवृत्त आहेत. ते म्हणतात, "तीन लाखांची एफडी मोडतो, तू स्टुडिओ घे." ती एफडी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवली होती. कमी पडलं तर पार्ट-टाइम काम करीन. काय करू?

उत्तर: डब्ल्यूजीतली खोली घे, आणि एफडी मोडू देऊ नकोस.

आधी एक गोष्ट मान्य करतो. सात अनोळखी मुलींमध्ये झोपून सकाळी लेक्चरला बसणं फार दिवस चालणारं नाही, आणि पैशाच्या दृष्टीनंही ते महाग आहे. रोजचे ३५ म्हणजे महिन्याला १,०५०, तुझ्या मासिक रकमेहूनही जास्त. त्यामुळे "थोडं थांब, अजून जागा बघ" असं मी सांगणार नाही. निर्णय याच आठवड्यात घ्यायला हवा.

ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम वर्षाला ११,९०४, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, ही कुठून आली ते बघ. जर्मन विद्यार्थ्यांना सरकारी अर्थसाहाय्य मिळतं, त्याला बाफॉग म्हणतात. २०२४ मध्ये त्याची कमाल रक्कम ९९२ झाली आणि तीच व्हिसासाठी लावली गेली. त्या ९९२ मध्ये घरभाड्यासाठी धरलेत फक्त ३८० युरो. बर्लिनच्या बाजारभावाशी त्याचा संबंध नाही. तेव्हा ५१० चं भाडंसुद्धा तुझ्या बजेटला जडच आहे, आणि ७४५ तर त्या ३८० च्या जवळपास दुप्पट.

आता महिन्याचा हिशेब. विद्यार्थ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याला साधारण १४५ युरो धर. स्टुडिओ घेतलास तर भाडं आणि विमा देऊन १०२ उरतात. रेडिओ-टीव्हीचं सक्तीचं शुल्क दर घरामागे १८.३६ युरो आहे. एकटी राहिलीस तर ते पूर्ण तुझ्यावर, तिघी राहिलात तर वाट्याला सहा. मोबाइलचे दहा गेले की उरले सत्तरच्या आसपास. त्यात महिनाभर जेवता येत नाही. घरी स्वयंपाक करूनही किराणा आणि इतर खर्चाला २४० लागतील असं मी धरतो. म्हणजे दर महिन्याला १७० ची तूट, वर्षाला दोन हजारांवर. त्यात डिपॉझिट मिळवलं की साडेतीन हजार युरो. तुझे हातातले १,९०० संपवूनही सोळाशे कमी पडतात. हिशेबाला सोपा म्हणून युरो १०० रुपयांचा धरला तर बाबांचे एक लाख साठ हजार गेले. डिपॉझिट परत मिळेल, पण वर्षानंतर. तोवर तुझ्याकडे अडीअडचणीला काहीच नसेल.

डब्ल्यूजीत हेच सगळं देऊन ३२० च्या आसपास हातात राहतात. २४० खर्चून ८० उरतात, आणि डिपॉझिट भरूनही १,१०० युरो शिल्लक. परक्या शहरात एक महिन्याचा पूर्ण खर्च बाजूला असणं मला विद्यापीठाच्या जवळ असण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

पण मला सगळ्यात खटकतो तो स्टुडिओचा करार. बेमुदत करार असता तर तीन महिन्यांची नोटीस देऊन सुटता आलं असतं. ठरावीक मुदतीच्या करारात भाडेकरूला मधेच नोटीस देऊन बाहेर पडण्याचा हक्क साधारणपणे नसतो. तुला या शहरात तीन आठवडे झालेत. कुठला भाग परवडतो, वेळापत्रक कसं बसतं, कोणाशी जमतं, यातलं काहीच अजून कळलेलं नाही. अशा वेळी वर्षभराचा सगळ्यात मोठा खर्च गोठवणं मला धोक्याचं वाटतं. हाच स्टुडिओ सहाशेच्या आत आणि बेमुदत करारानं मिळत असता, तर मी कदाचित हो म्हटलं असतं. अभ्यासाला शांतता लागते, हे खरंच आहे. पाऊण तासाच्या प्रवासाचे वेगळे पैसे मात्र पडणार नाहीत, बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांच्या सत्र-शुल्कात प्रवासाचं तिकीट असतं.

पार्ट-टाइमच्या कमाईवर भाड्याचा आकडा ठरवू नकोस. नियमानं वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिलं सत्र आणि जेमतेम जर्मन, यात काम कधी मिळेल ते सांगता येत नाही. मिळालं तर ते पैसे साठव.

राहिली एफडी. एरवी मी सांगतो, सात टक्क्यांची ठेव हाताशी असताना दहा टक्क्यांचं कर्ज वाढवू नये. इथे सांगणार नाही, कारण या ठेवीला काम ठरलेलं आहे. निवृत्त माणसाला तीन लाख पुन्हा साठवायला वर्षं लागतात, आणि आईचा गुडघा तुझी डिग्री होईपर्यंत थांबेलच असं नाही. वर मुदतीआधी मोडल्यावर बहुतेक बँका व्याजही कापतात. खरी नड आलीच, तर उरलेल्या कर्जातून लागेल तेवढंच उचल. दोन लाखांवर दहा टक्क्यांनी वर्षाला वीस हजार व्याज चढतं, हे लक्षात ठेवून. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, लागत नाही. कर्ज फेडताना व्याजाची वजावटही मिळते, मात्र फक्त जुन्या करप्रणालीत.

खोलीवर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घे. मूळ घरमालकाची पोटभाड्याला परवानगी आहे का? आनमेल्डुंगसाठी, म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीसाठी, लागणारं घर देणाऱ्याचं पत्र मिळेल का? ते नसेल तर खोली स्वस्त असली तरी सोड, कारण राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, आणि टॅक्स नंबरपासून रेसिडन्स परमिटपर्यंत सगळं त्यावर अडतं. तिसरं, डिपॉझिट कधी आणि कसं परत मिळेल. कायद्यानं ते तीन मासिक हप्त्यांत भरता येतं, तसं माग. खोली प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एक युरोही पाठवू नकोस, कोणी कितीही घाई केली तरी. आत जाताना भिंती, गादी, खिडक्या यांचे फोटो काढून तुझ्या आणि खोली देणारीच्या सहीची यादी कर. करार समजला नाही तर विद्यापीठाच्या आस्टाकडे, म्हणजे विद्यार्थी प्रतिनिधींच्या समितीकडे, कायदेविषयक सल्ला मिळतो का ते विचार.

विद्यार्थी वसतिगृहासाठी, ती चालवणाऱ्या स्टुडिरेंडनवेर्क या संस्थेच्या प्रतीक्षायादीत आजच नाव घाल. यादी लांब असते, पण तुझे पाच महिने मार्चअखेर संपतात आणि सत्र बदलताना खोल्या सुटतात. जानेवारीपासून शोध सुरू कर. पुढच्या सत्राचं शुल्कही त्याच सुमारास भरावं लागेल, त्यासाठी दर महिन्याचे ते ८० बाजूला टाकत जा.

बाबांना फोनवर नुसतं "नको" म्हणू नकोस, ते आणखी काळजी करतील. वरचा हिशेब पाठव आणि खोलीचे फोटो पाठव. ऑपरेशनची तारीख डॉक्टरांकडून कधी घेणार आहेत, तेही विचार.