जोराचा धक्का देणाऱ्या रायफलीवर स्कोप (नेम धरण्याची दुर्बीण) सरकू नये म्हणून तो कसा बसवावा?

रायफल रिकामी असल्याची खात्री केल्यावर पहिले लक्ष बेसकडे, म्हणजे रायफलीवर स्क्रूने बसवलेल्या आधाराकडे द्यावे, कारण स्कोपला धरणाऱ्या रिंग (कड्या) कितीही घट्ट केल्या तरी खालचा बेस सैल असेल, तर नेम हलतच राहतो. बेसचे स्क्रू आणि त्यांची छिद्रे तेलविरहित करून मध्यम ताकदीचे, म्हणजे निळे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) थेंबभर लावावे. लाल प्रकार टाळावा, तो पुढे काढताना गरम करावा लागतो.

गोळी सुटताच रायफल मागे जाते आणि स्कोप जडत्वामुळे जागीच राहू पाहतो, म्हणजेच रायफलीच्या तुलनेत तो पुढे सरकतो. म्हणून पिकाटिनी रेलवर, म्हणजे आडव्या खाचा असलेल्या बेसवर, रिंगची आडवी पट्टी खाचेच्या पुढच्या कडेला टेकेपर्यंत रायफलीच्या नळीच्या तोंडाच्या दिशेने ढकलून मगच आवळावी. अनेकांकडून नेमके हेच राहून जाते.

रिंगच्या वरच्या झाकणाचे स्क्रू आलटूनपालटून, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत आवळावेत. बहुतेक उत्पादक तेथे सुमारे 1.7 ते 2 न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा पिळाचा जोर) सांगतात. अंदाजाने जास्त आवळल्यास स्कोपची नळी चेपते, आणि माझ्या मते सैल स्क्रूपेक्षा हे नुकसान वाईट, कारण ते दुरुस्त होत नाही.

डोळा व स्कोप यांत किमान 9 ते 10 सेंटिमीटर अंतर हवे, नाहीतर धक्क्याने स्कोप आदळून भुवई फुटते. स्कोप जितका हलका, तितका स्क्रूंवरचा ताण कमी.