वाचकांचे प्रश्न : ॲलन विन जोन्सच्या १७० कसोटी

प्रश्न : वेल्सचा रग्बीपटू ॲलन विन जोन्स किती कसोटी खेळला? कुठे १५८ वाचायला मिळतं, कुठे १७०. (कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत. रग्बीत कसोटी म्हणजे आंतरराष्ट्रीय सामना. १५८ वेल्सकडून, उरलेल्या १२ ब्रिटिश अँड आयरिश लायन्सकडून. लायन्स हा इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडमधून निवडलेला संघ. तो चार वर्षांतून एकदा दौऱ्यावर निघतो आणि कसोटी तीनच खेळतो. २००९, २०१३, २०१७ आणि २०२१ या चार दौऱ्यांतली एकही कसोटी जोन्सने चुकवली नाही. न्यूझीलंडच्या रिची मॅकॉचा १४८ कसोटींचा विक्रम त्याने ३१ ऑक्टोबर २०२० ला लानेलीत स्कॉटलंडविरुद्ध मोडला. सामना मात्र वेल्स १०-१४ असा हरलं.

प्रश्न : हा काही ट्राय करणारा, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवणारा खेळाडू नव्हे. मग त्याचं एवढं कौतुक कशासाठी? (पुणे)

उत्तर : जोन्स लॉक, म्हणजे ४ किंवा ५ नंबरचा खेळाडू. लॉकची मेहनत गुणफलकावर चढत नाही.

स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी ढकलाढकल करतात तेव्हा, तो दुसऱ्या रांगेत असतो. डोकं पहिल्या रांगेतल्या प्रॉप (कडेचा) आणि हूकर (मधला) यांच्या मधल्या फटीत, खांदा प्रॉपच्या नितंबाखाली, आतला हात जोडीदार लॉकभोवती, बाहेरचा हात प्रॉपच्या पायांमधून पुढे नेऊन घट्ट धरलेला. पंचांचं ‘क्राउच, बाइंड, सेट’ (वाका, धरा, भिडा) झालं आणि चेंडू आत आला की जोर लावायचा. पाठ सपाट, गुडघे वाकलेले पण जमिनीला न टेकलेले. नवखे लॉक चुकतात ते कमरेत. कंबर खांद्यांच्या वर गेली की जोर पुढे जायच्या ऐवजी खाली जातो, प्रॉप तोंडघशी पडतो, आणि स्क्रम पाडला म्हणून पेनल्टी बसते. चेंडू यायच्या आधी ढकललं तर फ्री किक.

चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की तो दोन रांगांच्या मध्ये परत फेकतात, त्याला लाइनआउट म्हणतात. त्यात दोघे लॉकला उचलतात. पुढचा गुडघ्यांच्या वर मांड्या धरतो, मागचा नितंबाखाली हात लावतो. उडी सरळ वरच हवी. अंग कललं की उचलणाऱ्याचा हात सुटतो आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती. कॅमेरा चेंडूमागे धावत असतो, म्हणून टीव्हीवर यातलं निम्मंही कळत नाही. पुढच्या सामन्यात दहा मिनिटं फक्त एका लॉकवर नजर ठेवून बघा.

गंमत म्हणजे जोन्सचं पदार्पण लॉक म्हणून झालंच नव्हतं. ११ जून २००६ ला अर्जेंटिनातल्या पुएर्तो माद्रिनला तो ब्लाइंडसाइड फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेचा ६ नंबरचा खेळाडू म्हणून खेळला. १८६५ मध्ये वेल्सहून निघालेले स्थलांतरित जिथे उतरले, तेच हे बंदर.

प्रश्न : २०२१ मध्ये जोन्सचा निखळलेला खांदा तीन आठवड्यांत बरा कसा झाला? आमच्या क्लबातल्या मुलांनीही तसं करावं का? (मुंबई)

उत्तर : मुळीच नको. २६ जूनला एडिंबरात जपानविरुद्ध पहिल्या दहा मिनिटांतच त्याचा खांदा निखळला. लायन्सचं कर्णधारपद कॉनर मरेकडे गेलं. १७ जुलैला जोन्स दक्षिण आफ्रिकेतल्या स्टॉर्मर्स संघाविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि पुढच्या तिन्ही कसोटींत कर्णधार होता. खांदा जागेवर बसवल्यावर एमआरआय करतात. सांध्याभोवतीची कूर्चा आणि हाड फारसं दुखावलेलं नसेल तरच व्यायामावर भागतं. त्याच्याजवळ पूर्णवेळ वैद्यकीय पथक होतं. तरीही ३० ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध तोच खांदा दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि वेल्सकडून १५०वी कसोटी खेळायला १९ मार्च २०२२ उजाडला. तरुण वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका मोठा असतो. म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी तपासून मोकळीक दिल्याखेरीज टॅकलचा सराव नको, आणि तेव्हाही आधी पॅडवर, मग माणसावर.

प्रश्न : परदेशी क्लबकडून खेळणाऱ्याला वेल्स संघात घेत नाहीत, हे खरं का? (नाशिक)

उत्तर : अट आहे. २०१७ पासून त्यासाठी किमान ६० कसोटी लागायच्या, २०२३ मध्ये ती संख्या २५ वर आणली. जोन्स त्या वर्षी वेल्समधला ऑस्प्रेज क्लब सोडून फ्रान्सच्या तुलाँ क्लबला गेला, पण त्याआधी मे महिन्यातच तो वेल्स संघातून निवृत्त झाला होता.